वर्ष उणे तीन रात्री

निमकरबाई कुणाच्याही घरी पहिल्यांदा गेल्या की चपला काढता काढता विचारायच्या, "घर कोणाच्या नावावर?"

डार्विनमधल्या आमच्या मोजक्या मराठी घरांना या प्रश्नाची धास्ती होती. कुणी हसून "बँकेच्या!" म्हणून सुटू बघायचा. बाई सोडायच्या नाहीत. "बँकेकडे गहाण आहे रे. नाव कोणाचं ते सांग." मग तो घसा खाकरून "माझंच" म्हणायचा आणि वर घाईघाईने जोडायचा, "पण तसं काही नाही बाई, आमच्यात दोघांचं एकच असतं."

"अरे वा. एकच असेल तर उद्या तिच्या एकटीच्या नावावर करून टाक. तुला काय फरक पडतो?"

एवढं बोलून बाई पोह्यांवर लिंबू पिळायला लागायच्या. घरातली बाई तेवढ्यात काहीतरी आणायला आत जायची आणि आतून हसण्याचा आवाज यायचा.

बाई यंदा गेल्या. ब्रिस्बेनकडे, स्प्रिंगफील्ड लेक्सला, मुलाच्या घरी. दुपारचा चहा सांगितला होता, तो येईपर्यंत गेल्या. त्यांच्यावर लिहावं असं मनात आलं तेव्हा मी बायकोला, मेघनाला, विचारलं. ती म्हणाली, "खरं लिहिणार असशील तर लिही. नुसतं गोड लिहिणार असशील तर नको." तिचं म्हणणं रास्त आहे. कारण बाईंविषयी खरं लिहायचं तर मी नऊ वर्षं जे लपवलं होतं तेही लिहावं लागतं, आणि मी मुळात बोलणारा माणूस नाही. गॅसच्या प्लँटवर उपकरणं तपासायचं माझं काम. चार आठवडे समुद्रात, चार आठवडे घरी. तिथे काटा कुठे आहे एवढंच सांगायचं असतं.

बाई उंचीने जेमतेम माझ्या खांद्याला. पांढरे केस स्वतःच कात्रीने कापलेले, त्यामुळे एका बाजूला जरा जास्तच. सुती साडी, खाली स्पोर्ट्स शूज, वर ऑस्ट्रेलियन रुंद काठाची हॅट. पुण्यातल्या एका लॉ कॉलेजात त्यांनी आयुष्यभर रोमन लॉ शिकवला होता. पुढे तो विषय अभ्यासक्रमातून काढला तेव्हा बाईंनी सुतक आल्यासारखी रजा घेतली, तेराव्या दिवशी कामावर आल्या आणि निवृत्तीपर्यंत करार कायदा शिकवला. "पोटासाठी," असं त्या सांगायच्या, आणि तोंड असं करायच्या की काहीतरी गैरधंदाच केला असावा.

नवरा गेल्यावर त्या मुलाकडे डार्विनला आल्या. मुलगा मंदार इथल्या हॉस्पिटलात डॉक्टर, सून शलाका तिथेच. बाईंची वर्गात शिकवण्याची सवय मात्र सुटली नव्हती. उत्तर आवडलं की म्हणायच्या, "बरोबर. दोन मार्क." नाही आवडलं की, "लिहिलंयस छान, पण प्रश्न हा नव्हता." हे त्या मंदारलाही म्हणायच्या, भाजीवाल्या व्हिएतनामी आजींनाही, आणि एकदा तर हॉस्पिटलच्या मोठ्या सर्जनला इंग्रजीत म्हणाल्या.

घरातल्या कर्त्याला त्या 'पातेर' म्हणायच्या. रोमन घरात सगळं पातेरचं. जमीन त्याची, बैल त्याचे, गुलाम त्याचे, आणि चाळिशीचा लग्न झालेला मुलगासुद्धा त्याचा. मुलाने कमावलेलंही बापाचंच. बाप वाटलं तर मुलाला खर्चायला काही देणार, वाटलं तर काढून घेणार. "गुलामालाही तसंच द्यायचे," बाई सांगायच्या. "एकच शब्द होता दोघांना दिलेल्याला. मुलगा आणि गुलाम, एकच खातं." मग मंदारकडे वळून, "पातेर, रविवारच्या बाजाराला जायचंय. काही मिळेल का?"

"आई, कार्ड तुझ्याकडेच आहे ना!"

"पण खातं कोणाचं?"

मंदार कपाळावर हात मारून घ्यायचा. बाईंना खूप आनंद व्हायचा.

त्यांच्या शेजारी ट्रेव्हर नावाचा रिटायर्ड ट्रकड्रायव्हर राहायचा. त्याच्या आंब्याच्या फांद्या कुंपणावरून मंदारच्या अंगणात यायच्या. पावसाच्या आधीच्या त्या उकाड्याच्या महिन्यांत आंबे धपाधप पडायचे. इथे कुणी आंबा उचलून खाल्ला तर कुणी काही म्हणत नाही. पण बाईंनी शलाकाला एका आंब्याला हात लावू दिला नाही. त्या सरळ ट्रेव्हरच्या दारात गेल्या. मी त्यांना घ्यायला आलो होतो, म्हणून मलाही दुभाषा म्हणून नेलं, जरी त्यांचं इंग्रजी माझ्याहून चांगलं होतं.

"मिस्टर ट्रेव्हर, तुमची फळं आमच्या जमिनीवर पडलीत. जुन्या कायद्याप्रमाणे दर एक दिवसाआड आमच्या अंगणात येऊन ती गोळा करण्याचा तुम्हाला हक्क आहे. मला तो अडवता येत नाही."

ट्रेव्हर बनियनवर उभा. त्याने माझ्याकडे बघितलं. "शी ऑलराइट, मेट?"

"शी इज अ लॉयर," मी म्हणालो.

तो घाबरलाच. "नो, नो, यू कीप देम, लव्ह."

"ते तुम्ही दान करताय. ती वेगळी गोष्ट. हक्क आधी बजावा, मग दान करा."

आणि ट्रेव्हर खरंच एक दिवसाआड बादली घेऊन यायला लागला. आंबे गोळा करायचा, व्हरांड्यात पंख्याखाली बसून चहा प्यायचा, आणि जाताना बादली तिथेच ठेवून जायचा. बायको वारल्यापासून तो कुणाच्या घरी गेला नव्हता, हे आम्हाला पुढे कळलं. आंब्यांचा मोसम संपला. बाईंनी त्याला सांगितलं, "पानंही पडतायत."

याच ट्रेव्हरची जुनी यूट, म्हणजे मागे उघडा हौदा असलेली गाडी, मंदारने विकत घ्यायची ठरवली तेव्हा बाई उत्साहाने ताठ बसल्या. रोमन कायद्यात भांडी, कपडे, खुर्च्या नुसत्या हातात दिल्या की झालं. पण जमीन, गुलाम आणि ओढणारं जनावर यांची मालकी बदलायची तर विधी करावा लागायचा. पाच साक्षीदार, तराजू धरणारा सहावा. घेणारा वस्तूवर हात ठेवून मोठ्याने जाहीर करणार की ही माझी, आणि तराजूवर धातूचा तुकडा वाजवणार.

"यूट ट्रेलर ओढते की नाही?" बाई म्हणाल्या. "मग ती बैलात धरायची."

शनिवारी दुपारी अंगणात आम्ही सगळे जमलो. तराजू म्हणून शलाकाचा केक मोजायचा काटा, धातू म्हणून देवघरातली पितळी पळी. सुरुवात होणार तेवढ्यात बाईंनी हात वर केला. "थांबा. साक्षीदार नागरिक हवेत. इथे सिटिझन कोण कोण आहे?"

मी आणि मेघना तेव्हा नुसते पीआर, कायमचे रहिवासी. दुसरं जोडपं वर्क व्हिसावर. शलाकाचा अर्ज अजून चालू होता. बाई स्वतः तर आईबापांसाठीच्या व्हिसावर. एवढ्या डॉक्टर-इंजिनियरांत एकही माणूस साक्षीला लायक निघाला नाही.

"हँग ऑन," म्हणत ट्रेव्हर रस्त्यावर पळाला आणि दहा मिनिटांत सहा नागरिक घेऊन आला. समोरची म्हातारी, तिचा जावई, दोन मासे पकडून परतलेले भाऊ, पार्सल देणारी मुलगी आणि हिरवळ कापणारा एक दाढीवाला, ज्याला काय चाललंय हे शेवटपर्यंत कळलं नाही. रोमन कायद्यात बायका साक्षीदार चालत नसत. बाई म्हणाल्या, "ती अट मी रद्द केली." मंदारने लाल होत बॉनेटवर हात ठेवला आणि बाईंनी सांगितलेलं लॅटिन वाक्य म्हटलं. पळी काट्यावर वाजली. दाढीवाल्याने टाळ्या वाजवल्या. काट्याने मात्र त्यानंतर कधी वजन बरोबर दाखवलं नाही.

हे सगळं हसण्यावारी जायचं. पण एक गोष्ट बाई हसत हसत करायच्या तरी हसण्यावारी नेत नसत. त्यांच्या तीन रात्री.

रोमन कायद्यात एखादी जंगम वस्तू तुम्ही सरळ मार्गाने मिळवून सलग वर्षभर जवळ ठेवली की ती तुमची व्हायची. जमिनीला दोन वर्षं लागायची. आणि बायको सलग वर्षभर नवऱ्याच्या घरात राहिली की तीही त्याच्या ताब्यात जायची. "बायको जंगम," बाई डोळे मिचकावून म्हणायच्या, "जमिनीपेक्षा लवकर मिळते." पण कायद्यातच एक पळवाट होती. बायको दर वर्षी तीन रात्री नवऱ्याच्या घराबाहेर राहिली की वर्ष तुटायचं. मग ती त्याची बायको राहायची, पण त्याच्या ताब्यात जायची नाही.

बाईंनी लग्नाच्या पहिल्या वर्षापासून हे केलं होतं. दर वर्षी तीन रात्री, साताऱ्याच्या मैत्रिणीकडे. निमकर बँकेत होते, मुदती पाळणारा माणूस. तेच आठवण करायचे, "अहो, वर्ष भरत आलं, निघा आता," आणि स्वतः त्यांची पिशवी भरून एसटीत बसवून द्यायचे. एका वर्षी बाईंना टायफॉइड झाला, हॉस्पिटलात राहावं लागलं. निमकर म्हणाले, झाल्या की तीन रात्री. बाई म्हणाल्या, आजारपण हा हेतू नव्हे. बऱ्या झाल्यावर साताऱ्याला गेल्याच.

डार्विनला आल्यावरही त्यांनी हे सोडलं नाही. "आता मी मुलाच्या छपराखाली, त्याच्या व्हिसावर. मला तर जास्तच गरज." कोरड्या ऋतूत, जुलैमध्ये, बॅचलर गावाजवळच्या कॅरव्हान पार्कमध्ये एक केबिन घ्यायच्या. बरोबर इथल्या मराठी मंडळातल्या एकदोन बायका. दिवसा धबधब्याखाली डुंबणं, वारुळं बघणं, पत्ते. मेघनाला दर वर्षी विचारायच्या. दर वर्षी कारण मी पुरवायचो. आमच्या लेकीची, ईशाची, परीक्षा आहे. माझी शिफ्ट बदललीये. गाडीचा टायर. मेघनाची काही मागायची सवय हळूहळू मोडली होती आणि ती मोडण्यात माझा हात होता, हे मला माहीत होतं.

आता ते सांगतो.

मेघना पुण्याची फार्मसिस्ट. इकडे आल्यावर तिने इथल्या नोंदणीसाठी अर्ज केला. घरातले सगळे फॉर्म मी भरायचो, त्यामुळे त्यावर ईमेल माझा. काही महिन्यांनी उत्तर आलं की पुण्याच्या कॉलेजचं एक मूळ प्रमाणपत्र दोन महिन्यांत पाठवा, म्हणजे पुढे परीक्षा, आणि मग अॅडलेडला वर्षभर काम. मी ते मॉलच्या कारपार्कमध्ये फोनवर वाचलं. ईशा तेव्हा सहा वर्षांची. मी अर्धं वर्ष समुद्रात. ही वर्षभर अॅडलेडला गेली तर, हा एक विचार. दुसरा, खरा विचार असा की ती तिकडे गेली, कमवायला लागली, तर परत कशाला येईल. मी ते मेल दुसऱ्या फोल्डरमध्ये सरकवलं. एका बोटाचं काम होतं ते. मुदत गेली, फाइल बंद झाली. मी मेघनाला एवढंच सांगितलं, "नाही झालं गं." ती एक दिवस रडली. मग मॉलमधल्या औषधाच्या दुकानात काउंटरवर लागली. सनस्क्रीन आणि व्हिटॅमिनच्या बाटल्या विकायला. नऊ वर्षं.

त्या नवव्या वर्षी जूनमध्ये बाईंचं मंदारशी कडाक्याचं भांडण झालं. त्यांची सगळी पत्रं, व्हिसाची, बँकेची, साताऱ्याच्या मैत्रिणीचीसुद्धा, मंदारच्या ईमेलवर यायची. बाईंना स्वतःचा ईमेल हवा होता. मी घरी होतो, म्हणून बुधवारी सकाळी मी त्यांना लायब्ररीत घेऊन गेलो.

"मंदार वाईट नाही हो," मी फॉर्म भरता भरता म्हणालो. "तुमच्या सोयीसाठीच करतो."

"अरे, सोन्यासारखा पोरगा आहे. चांगला पातेर आहे. पण चांगला पातेर आणि वाईट पातेर, दोघांना कायदा एकच होता ना. चांगला निघाला हे आपलं नशीब. नशीब म्हणजे हक्क नाही."

पासवर्डची वेळ आली. "मी बघत नाही," म्हणालो.

"तोंड फिरव."

मी फिरवलं. समोर भिंतीवर मगरींपासून सावध राहण्याचं पोस्टर होतं. बाई मागे एकेक अक्षर शोधत टकटक करत होत्या. आणि त्या पोस्टरकडे बघत मी सगळं बोलून टाकलं. कारपार्क, फोल्डर, प्रमाणपत्र, अॅडलेड. पाठमोरा होतो म्हणूनच जमलं. मध्ये कधीतरी टकटक थांबली.

शेवटी म्हणालो, "बाई, मला तेव्हा फार भीती वाटली हो. ईशा लहान होती, घर सांभाळायला..."

"लिहिलंयस छान, पण प्रश्न हा नव्हता. पत्रावर नाव कोणाचं होतं?"

"डियर मेघना, असं होतं."

"मग वस्तू कोणाची?"

"तिची."

"आणि तू उचललीस. त्याला काय म्हणतात?"

"चोरी."

"बरोबर," बाई म्हणाल्या. मार्क दिले नाहीत. "आता वळ इकडे."

मी वळलो. मला वाटलं होतं त्या रागावल्या असतील. त्या माझ्याकडे टक लावून बघत होत्या, वर्गातला बरा मुलगा नापास झाल्यावर बघावं तशा.

"बाई, नऊ वर्षं झाली. आता ती रमलीये. आता सांगून..."

"हेच ना, की काळ गेला, आता ते आपलं झालं? ऐक. मी सांगितलं ना, वस्तू वर्षभर जवळ ठेवली की आपली होते? त्याला अपवाद एकच. चोरीची वस्तू. ती एक वर्ष ठेव, नऊ ठेव, शंभर ठेव. ती चोराची होत नाही. त्याच्याकडून दुसऱ्याने घेतली तर त्याचीही होत नाही. तो डाग वस्तूला चिकटून राहतो."

"मग?"

"मूळ मालकाच्या हातात परत जाईपर्यंत. तेवढा एकच मार्ग ठेवला होता त्यांनी." त्यांनी पर्समधून लायब्ररीचं कार्ड काढलं. "प्रिंटर कुठे आहे रे इथे?"

ते पत्र मी त्यांच्या समोर छापलं. त्यांनी वाचायला मागितलं नाही. गाडीत बसल्यावर एवढंच म्हणाल्या, "फॉरवर्ड करू नकोस. हातात दे."

मेघना दुपारच्या शिफ्टहून आली होती, भोपळी मिरच्या चिरत होती. मी कागद ओट्यावर ठेवला. मग बाईंचं आठवून उचलला आणि हातात दिला. तिने तारीख वाचली, मजकूर वाचला, पुन्हा तारीख वाचली.

"हे तुला आलं होतं?"

"तुला आलं होतं. मी दिलं नाही."

"नऊ वर्षं मी त्या लोकांना शिव्या घातल्या."

"हो."

"आणि तू समोर बसून ऐकायचास."

"हो."

"अजून काही आहे असं?"

"नाही. एवढंच."

"एवढंच!" ती हसली. ते हसू मला परत बघायचं नाही. "सुधीर, दुकानातला पंचवीस वर्षांचा फार्मसिस्ट पोरगा मला सांगतो, पॅरासिटामॉल दिवसातून किती वेळा. मला! आणि मी त्याला थँक यू म्हणते."

ईशा दारात उभी होती, कधीपासून माहीत नाही. "डॅड," ती म्हणाली, "दॅट्स लो."

मेघनाने गॅस बंद केला. "जुलैत मी बाईंबरोबर जातेय. विचारत नाहीये."

मधले तीन आठवडे आमच्या घरात फक्त ईशा बोलायची, आणि तीही इंग्रजीत. जुलैत बाई आणि मेघना, दोघीच गेल्या. ड्रायव्हिंग मेघनाचं. तीन दिवस मी वाट बघितली असं म्हणणार नाही, कारण वाट बघायला काही अधिकार लागतो. मी खिडक्यांच्या लुव्हर्सच्या काचपट्ट्या पुसल्या. ईशाला डाळ करून घातली. कपाटात मेघनाचे किती कपडे उरलेत ते बघितलं आणि स्वतःचीच लाज वाटून दार लावून घेतलं.

पुढे काय झालं ते थोडक्यात सांगून टाकतो. मेघनाने पहिल्यापासून पुन्हा अर्ज केला, तिच्या स्वतःच्या ईमेलवरून. अॅडलेडचं वर्ष केलं. त्या वर्षी मी समुद्रातलं काम सोडून किनाऱ्यावरचं घेतलं. आज ती इथल्याच एका दुकानात फार्मसिस्ट आहे. त्यामुळे मी सुटलो असं नाही. ती नऊ वर्षं मी परत देऊ शकत नाही आणि ती मोठ्या मनाची म्हणून ती मागत नाही, एवढंच. आणि बाईंची मंदारबरोबर ब्रिस्बेनला रवानगी झाली ती त्याच ऑगस्टमध्ये, मी शिफ्टवर असताना. निरोप देता आला नाही. पुढे ईमेल यायच्या, तारखेशिवाय आणि मोठ्या अक्षरांत. भेट झाली नाही.

म्हणून बाईंचं मला झालेलं शेवटचं दर्शन म्हणजे जुलैतला तो चौथा दिवस. सकाळचे दहा वाजले असतील. लख्ख कोरडं ऊन. गाडी फाटकाशी थांबली. मेघना उतरली, तिचे केस ओले होते, नाक उन्हाने लाल झालं होतं. पर्समध्ये किल्ली होती, मला माहीत होतं. तिने किल्ली काढली नाही. दारापर्यंत आली आणि बेल वाजवली.

मी दार उघडलं.

ती उंबऱ्याबाहेरच उभी राहिली. तिच्या खांद्यावरून मला गाडीत डावीकडे बसलेल्या बाई दिसत होत्या. हॅट मांडीवर, काच खाली केलेली. त्या संत्रं सोलत होत्या. आमच्याकडे त्यांनी मुद्दाम पाठ केली होती, आणि समोरच्या घराच्या कोऱ्या भिंतीकडे अशा एकाग्रतेने बघत होत्या की जणू तिथे काही लिहिलेलं आहे.

"आत येऊ का?" मेघनाने विचारलं.

उत्तर द्यायला मला थोडा वेळ लागला. तेवढ्या वेळात बाईंनी एक फोड तोंडात टाकली, हात लांब करून ड्रायव्हरच्या बाजूचं दार आतून उघडलं, आणि ते तसंच उघडं ठेवलं.